बेटांचा ताळेबंद

चारही बाजूंनी पाण्याने वेढलेल्या जमिनीच्या भागास बेट म्हणतात. ही व्याख्या आपण सर्वांनी प्राथमिक शाळेत पाठ केली. मराठी शाळेतल्यांनी मराठीत केली, कन्नड शाळेतल्यांनी कन्नडात केली आणि दोघांनाही तिचे पूर्ण गुण मिळाले. व्याख्या चुकीची नाही. पण ती अपुरी आहे आणि तिचा अपुरेपणा परीक्षेपुरताच राहत नाही, असे माझे मत आहे. बेटाचा आकार कसा असतो ते ती सांगते. बेट आले कोठून आणि टिकते कशाच्या जोरावर, याबद्दल ती काहीच बोलत नाही. ‘चार भिंतींच्या आत मांडलेला माल म्हणजे दुकान’ असे कोणी सांगितले तर आपल्याला दुकानाविषयी जेवढे कळेल, तेवढेच या व्याख्येतून बेटाविषयी कळते. माल रोखीने आणला की उधारीने, रोज नवा येतो की एकदाच भरून ठेवला आहे, विक्री किती आणि तूट किती, हे समजल्याशिवाय ते दुकान चालेल की बुडेल हे कोण सांगणार?

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शालान्त परीक्षेनंतर भूगोलाचे पुस्तक हाती धरण्याचे मला काही कारण नव्हते. परंतु बेटांसंबंधी जे वाचनात आले ते वाचताना वारंवार आमच्याच विषयाची आठवण होत गेली. प्रत्येक बेट हे एक खाते आहे. त्यात कधीतरी भांडवल जमा झाले. काही खात्यांत आवक अजून चालू आहे. आणि लाटा, पाऊस व प्रवाह यांचा खर्च तर सर्वांच्याच नावे रोज पडत असतो. आज नकाशावर दिसते ती या जमाखर्चाची शिल्लक. दोन खात्यांत शिल्लक सारखी असली म्हणून दोन्ही खाती सारखी ठरत नाहीत, हे आम्हांला पहिल्या वर्षीच शिकवतात. बेटांच्या बाबतीत मात्र सरकार, व्यापारी, प्रवासी आणि आपण सारेच नुसती शिल्लक पाहून व्यवहार करतो. त्याचे परिणाम काय होतात ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिला प्रकार वडिलोपार्जित मिळकतीचा. मुख्य भूमीचा एखादा तुकडा तिच्यापासून अलग झाला म्हणजे असे बेट होते. अलग होण्याचे मार्ग दोन. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना पृथ्वीवरचे पुष्कळसे पाणी बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडले होते आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा श्रीलंका भारताला आणि ब्रिटन युरोपला जोडलेले होते. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले, सखल भाग बुडाला आणि उंच भाग बेटे होऊन उरला. पाल्कची सामुद्रधुनी आजही इतकी उथळ आहे, याचे कारण हेच.

दुसरा मार्ग याहून फार जुना. त्यात पृथ्वीचे कवचच फाटते. मादागास्कर भारतापासून सुटला तो असा. त्या वेळच्या लाव्ह्याची खूण पाहायला आफ्रिकेकडे जायला नको. उडुपीजवळच्या मलपे बंदरातून होडीने सेंट मेरी बेटांवर गेले की उभ्या, बहुकोनी दगडी खांबांच्या रांगाच्या रांगा दिसतात. साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचा, आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाहूनही जुना असा तो खडक आहे. सहलीला गेलेली मंडळी त्या खांबांवर बसून फोटो काढतात आणि परत येतात. आपण एका खंडाच्या तुटलेल्या कडेवर बसलो होतो, याचा पत्ता फारच थोड्यांना असतो. या प्रकारात नवी आवक नाही. पण मूळ मिळकत कठीण खडकाची असल्यामुळे झीजही मंद असते. घाईघाईने दिवाळे निघण्याची भीती या खात्याला सहसा नाही.

दुसरा प्रकार एकरकमी भांडवलाचा, म्हणजे ज्वालामुखी बेटांचा. १४ नोव्हेंबर १९६३ रोजी आइसलंडच्या दक्षिणेस एका मासेमारी बोटीवरील लोकांना समुद्रातून धूर वर येताना दिसला. सुमारे १३० मीटर खोल तळावर ज्वालामुखी फुटला होता. पाहता पाहता राखेचा ढिगारा पाण्यावर आला, त्यावर लाव्हा पसरला आणि जून १९६७ मध्ये उद्रेक थांबेपर्यंत २.७ चौरस किलोमीटरचे बेट तयार झाले. त्याचे नाव सर्टसी. भांडवलाचा भरणा थांबला त्याच दिवसापासून घसारा सुरू झाला. लाटांनी सैल राख आणि कडेचा लाव्हा ओढून नेला. आज ते बेट मूळच्या निम्म्याच्या आसपास उरले आहे. शास्त्रज्ञांखेरीज इतरांना तेथे पाऊल ठेवू देत नाहीत. त्यामुळे पहिले रोप कधी उगवले, पहिला पक्षी कधी घरटे करून राहिला याच्याही नोंदी आहेत. इतकी चोख रोजकीर्द असलेले दुसरे बेट क्वचितच सापडेल.

हवाईच्या बेटांत हाच घसारा एका ओळीत मांडून ठेवलेला दिसतो. पृथ्वीच्या पोटातला उष्ण झरा एका जागी आणि त्यावरून सरकत जाणारे समुद्रतळाचे कवच, अशी तेथील रचना आहे. झऱ्यावर आज जे बेट आहे ते सर्वांत मोठे आणि वाढते. वायव्येकडे जावे तसतशी बेटे अधिक जुनी, अधिक झिजलेली आणि अधिक बुटकी होत जातात. मिडवेपर्यंत पोचावे तर ज्वालामुखी पाण्याखाली गेलेला आणि वर केवळ प्रवाळाचे कडे उरलेले. आवक बंद झालेल्या पेढीचे पुढे काय होते, ते पाहायचे असेल तर ही रांग पाहावी. आपल्या देशात या प्रकारचे जिवंत उदाहरण अंदमानातील बॅरन बेटाचे. १७८७ मध्ये त्याच्या उद्रेकाची नोंद झाली, पुढे ते दीर्घकाळ निद्रिस्त राहिले आणि १९९१ मध्ये पुन्हा जागे झाले. भारतातला जागृत ज्वालामुखी हा एकच.

तिसरा प्रकार रोजच्या कमाईवर चालणाऱ्या खात्याचा आणि मला सर्वांत अधिक विचार करायला लावणारा. हा प्रकार म्हणजे प्रवाळ बेटे. उष्ण, स्वच्छ व उथळ समुद्रात प्रवाळाचे बारीक जीव आपल्याभोवती चुन्याचे कवच बांधतात आणि पिढ्यानपिढ्यांच्या कवचांचा कट्टा तयार होतो. परंतु प्रवाळाला प्रकाश लागतो, मग खोल महासागराच्या मध्यभागी अंगठीसारखी प्रवाळ बेटे आली कशी? चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याचे उत्तर दिले. मधला ज्वालामुखी हळूहळू खाली खचतो आणि त्याच्या काठावरचा प्रवाळ तितक्याच सावकाश वर बांधत राहतो. शेवटी डोंगर बुडतो आणि कडे उरते. त्याच्या हयातीत हे सिद्ध करणे शक्य नव्हते. १९५२ मध्ये पॅसिफिकमधील एनिवेटोक येथे खोल भोक पाडण्यात आले, तेव्हा बाराशे मीटरांहून अधिक जाडीचा प्रवाळाचा चुनखडक लागला आणि त्याखाली खरोखरच ज्वालामुखीचा खडक निघाला.

आपले लक्षद्वीप या प्रकारचे आहे. ३६ बेटे, एकूण जमीन अवघी ३२ चौरस किलोमीटर, वस्ती १० बेटांवर आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ६४ हजार. जमीन समुद्रापेक्षा जेमतेम काही मीटर उंच. लक्षद्वीपापासून मालदीव व चागोसपर्यंत समुद्रतळावर जी लांब डोंगररांग गेली आहे, ती आणि आपल्या दख्खनचा काळा कातळ या दोन्ही एकाच उष्ण झऱ्याच्या खुणा मानल्या जातात; तो झरा आज हजारो किलोमीटर दूर रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे लक्षद्वीपचे आणि आपले नाते सरकारी नकाशाहून पुष्कळ जुने आहे.

आता या खात्याचे उत्पन्न पाहा. बेटावर पसरलेली पांढरी वाळू कोठून येते? प्रवाळाचे तुकडे, शिंपले आणि एका माशाची विष्ठा यांतून! पोपटमासा आपल्या चोचीसारख्या दातांनी प्रवाळ कुरतडतो, त्यावरचे शेवाळ पचवतो आणि चुना वाळू करून बाहेर टाकतो. मोठा मासा अशी शेकडो किलो वाळू वर्षाला तयार करतो. लाटा ती उचलून बेटावर आणून टाकतात. वादळ काही वाळू नेते, काही देते. लक्षद्वीपच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या गळ आणि काठी घेऊन खोल समुद्रातला ट्यूना धरला. कट्ट्यावरचा मासा हे त्यांच्या मासेमारीचे मुख्य लक्ष्य नव्हते. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर त्यांनी उत्पन्नाचे साधन विकायला काढले नाही.

येथे एक उदाहरण मुद्दाम देतो. समुद्र चढतो आहे म्हणून पॅसिफिकमधील तुवालू हा प्रवाळ बेटांचा देश बुडणार, असे आपण नेहमी ऐकतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी हवाई छायाचित्रे व नवी उपग्रहचित्रे यांची तुलना करण्यात आली. त्यात १९७१ ते २०१४ या काळात तुवालूचे एकूण क्षेत्रफळ २.९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. याचा अर्थ समुद्राची भीती खोटी असा मुळीच नाही. खर्च वाढला तरी आवक चालू असेल तर शिल्लक काही काळ टिकू शकते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु आवक बंद पडली तर? समुद्राचे पाणी नेहमीपेक्षा अधिक तापले की प्रवाळ आपल्या अंगातले पोषक शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. ताप लांबला तर मरतो. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये असे मोठे प्रकार घडले. तेथील बंगारम कंकणद्वीपातील परळी-१ नावाचे निर्जन बेट १९६८ मध्ये ०.०३२ चौरस किलोमीटरचे होते. ते पूर्णपणे नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले.

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यावर तेथील पर्यटनाची देशभर चर्चा सुरू झाली. पर्यटनाला माझा विरोध नाही. तेथील तरुणांनाही आपल्यासारखीच नोकरी हवी आहे. पण पर्यटनाच्या आराखड्यात खोल्या किती, विमाने किती, उत्पन्न किती याबरोबर वाळू किती येते आणि कोणत्या वाटेने येते, हा रकाना असलाच पाहिजे. किनाऱ्यावर भिंत बांधली, धक्क्यासाठी खाजण खोल केले, तर लाटांची वाळू वाहण्याची वाट बदलते. पावसाचे गोडे पाणी तेथे खाऱ्या पाण्यावर पातळ थराने तरंगत असते. ते प्रमाणाबाहेर उपसले की खाली असलेले खारे पाणी वर येते. खंडाच्या किनाऱ्यावर जी चूक पन्नास वर्षांत पचून जाईल, ती येथे पाच वर्षांत अंगावर येईल.

चौथ्या प्रकाराच्या खात्याला आम्ही ‘संभाव्य देणे’ असलेले खाते म्हणू. पृथ्वीच्या कवचाचा एक तुकडा दुसऱ्याखाली दडपला जाऊ लागला की समुद्रतळाचा गाळ व खडक चुरगळून वर उचलला जातो. अंदमान-निकोबारची मुख्य बेटे अशी उभी राहिली. हे काम संपलेले नाही. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानच्या किनाऱ्यावरचा प्रवाळ पाण्याबाहेर उचलला गेला आणि भारताचे दक्षिण टोक असलेला ग्रेट निकोबारवरील इंदिरा पॉइंट सुमारे सव्वाचार मीटर खाली खचला. जमिनीवर उभे असलेले दीपगृह त्या दिवसापासून समुद्रात उभे आहे.

याच ग्रेट निकोबारवर मालाच्या पेट्या एका जहाजातून दुसऱ्यात चढवण्याचे मोठे बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर वसवण्याचा सुमारे ७२,००० कोटी रुपयांचा प्रकल्प आखण्यात आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याला पर्यावरणाची मंजुरी मिळाली. वाणिज्याचा विद्यार्थी म्हणून या बंदरामागची कल्पना मला समजते. मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जाणारा जहाजांचा हमरस्ता जवळून जातो. आपला बराच माल आज कोलंबो व सिंगापूर येथे जहाज बदलतो आणि त्याची मजुरी त्यांना मिळते. परंतु सुमारे १३० चौरस किलोमीटर जंगल, शोंपेन व निकोबारी लोकांची भूमी आणि महाकाय चर्मी कासवे ज्या गलाथिया उपसागराच्या वाळूत अंडी घालतात तो किनारा, हे सारे दुसऱ्या पारड्यात आहे. आणि याशिवाय ज्या बेटाचा किनारा आपल्या डोळ्यांदेखत एका सकाळी सव्वाचार मीटर खचला, त्याच्या ताळेबंदात हे देणे कोठे दाखवायचे? संभाव्य देणे तळटीपेत लिहिले नाही तर लेखापरीक्षक आम्हांला नापास करतो. शासनाला ही सवलत का असावी?

पाचवा प्रकार माणसाने केलेल्या बेटांचा. हे कर्जाचे खाते. जपानमध्ये ओसाकाच्या उपसागरात भराव टाकून कान्साई विमानतळाचे बेट केले आणि १९९४ मध्ये विमाने सुरू झाली. ते बेट आजवर दहा मीटरांहून अधिक खचले आहे. खचणार हे बांधणाऱ्यांना माहीत होते; म्हणून इमारतीचे खांब खालून उचलून समपातळीत ठेवण्याची सोय त्यांनी आधीच केली होती. तरीही सप्टेंबर २०१८ च्या वादळात धावपट्टीवर समुद्र आला. आपली मुंबईही सात बेटांमधल्या खाड्या बुजवून झाली. समुद्राकडून घेतलेल्या या उसन्या जमिनीचे व्याज ती दर पावसाळ्यात भरते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुद्दलच वसूल होते की काय असे वाटले. कर्ज काढणे वाईट नाही. कर्ज आहे हे विसरणे वाईट.

आता शेवटचा प्रकार, आणि तो आपल्या दारातून जातो. नदीच्या गाळाची बेटे. नदीचा वेग मंदावला की अंगावरचे ओझे ती खाली ठेवते. त्यावर गवत येते, गवतात आणखी गाळ अडकतो आणि बेट होते. कन्नडात नदीतल्या अशा बेटाला नडुगड्डे म्हणतात, बंगालीत चर म्हणतात. ब्रह्मपुत्रेतील माजुली हे त्यांतले प्रसिद्ध. शंकरदेवांच्या वैष्णव परंपरेची सत्रे तेथे आहेत आणि २०१६ मध्ये त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी बाराशे चौरस किलोमीटरांहून मोठे असलेले हे बेट आज त्याच्या निम्म्यापेक्षाही लहान राहिले आहे. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपात डोंगर कोसळून नदीत इतका राडारोडा आला की पात्र उथळ झाले, प्रवाह पसरला आणि काठ तुटू लागले. तेथील मिसिंग लोक खांबांवर घरे बांधतात. नदी आज देते आणि उद्या नेते, हे त्यांच्या घराच्या रचनेतच लिहिलेले आहे.

बंगालच्या उपसागरात तर याहून बोलके उदाहरण घडले. नोव्हेंबर १९७० च्या भयंकर चक्रीवादळानंतर हरियाभंगा नदीच्या मुखाजवळ एक नवे बेट वर आले. भारताने त्याला न्यू मूर म्हटले, बांगलादेशाने दक्षिण तालपट्टी म्हटले. दोघांनी हक्क सांगितला. १९८१ मध्ये लढाऊ नौकांपर्यंत पाळी आली. २०१० मध्ये जादवपूर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले की बेट पाण्याखाली गेले आहे. भांडणाची कागदपत्रे शिल्लक राहिली, मालमत्ता राहिली नाही. सीमाभागात राहणाऱ्या आपणा सर्वांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कारण आपण पाण्यासाठी भांडतो. कणकुंबीच्या परिसरात पडणारा पाऊस इकडे मलप्रभेत आणि तिकडे म्हादईत जातो. म्हादई पुढे मांडवी होते आणि गोव्यात दिवाडी व चोडण ही बेटे तिच्या कुशीत आहेत. त्या बेटांच्या सखल खाजण जमिनी गावकऱ्यांनी मातीचे बांध घालून आणि भरतीचे पाणी आवरणाऱ्या मानशी बसवून शतकानुशतके राखल्या. मलप्रभा, घटप्रभा आणि कृष्णा यांचे पाणी एक होऊन आंध्रात समुद्राला मिळते. तेथे कृष्णेच्या दोन फाट्यांमध्ये दिवीसीमा हे बेट आहे. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात त्या भागात सुमारे दहा हजार माणसे मेली. ते बेट कशाचे झाले आहे? महाबळेश्वरपासून खानापूर-गोकाकपर्यंतच्या आणि त्याही पुढच्या सबंध खोऱ्यातल्या शेतांची, घाटांची माती पावसाळ्यामागून पावसाळे वाहत गेली आणि तेथे जमा झाली. आपल्या बांधावरची माती तेलुगू शेतकऱ्याची जमीन झाली.

ती आवक आता आटली आहे. कोयना, हिडकल, नविलुतीर्थ, अलमट्टी, नारायणपूर, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी एकामागून एक धरणे उभी राहिली. धरणात पाणी थांबते तसा गाळही थांबतो. कृष्णेच्या मुखाशी पोचणारा गाळ पूर्वीच्या मानाने अगदी थोडा उरला असून तेथील त्रिभुज प्रदेशाचा किनारा कित्येक ठिकाणी मागे हटतो आहे. इकडे धरणांत तोच गाळ साचून पाण्याची जागा अडते. एकाच व्यवहारात दोन्ही खात्यांना तोटा, असा हा प्रकार आहे. आणि गंमत अशी की कृष्णेच्या पाण्यावर १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादापासून, म्हादईच्या पाण्यावर २०१८ मध्ये आलेल्या लवादाच्या निवाड्यापर्यंत, पाण्याचा प्रत्येक टी. एम. सी. मोजला गेला, त्यावर मोर्चे निघाले, बंद झाले, बस अडवल्या गेल्या. गाळाच्या वाटणीसाठी एखादा मोर्चा निघाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

कोणी म्हणेल की धरणे नसती तर आपल्या जिल्ह्यातला ऊस कोठून आला असता? म्हणणे बरोबर आहे. धरणे नकोत असे मी म्हणत नाही. शेतकऱ्याला पाणी हवेच आणि गावाला दिवाही हवा. दुसरे कोणी म्हणेल की हा भूगोलवाल्यांचा प्रश्न आहे, यात वाणिज्याच्या मुलाने का डोके घालावे? याला माझे उत्तर असे की ज्या खात्यात खर्चाची नोंदच होत नाही, ते खाते नेहमी नफ्यात दिसते. ही चूक भूगोलाची नाही, हिशेबाची आहे, आणि ती हिशेब शिकलेल्यांनीच दाखवून दिली पाहिजे. आज जे माझ्याबरोबर बाकावर बसतात त्यांतले काही उद्या बँकेत कर्जाचे अर्ज तपासतील, काही लेखापरीक्षक होतील, काही सरकारी कचेरीत प्रकल्पाच्या फायली पुढे सरकवतील. त्यांच्या टेबलावर कधीतरी एखाद्या बेटाचा, किनाऱ्याचा किंवा धरणाचा प्रस्ताव येईल.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, शाळेच्या पुस्तकात बेटाच्या व्याख्येखाली एवढे एक वाक्य घालावे की बेट कशाचे झाले आहे यावर त्याचे आयुष्य अवलंबून असते. आणि उदाहरणे दूरच्या महासागरांबरोबर सेंट मेरी, दिवाडी, दिवीसीमा यांचीही द्यावीत. दुसरी, कोणत्याही बेटावरच्या मोठ्या प्रकल्पाच्या अहवालाच्या पहिल्या पानावर तीन प्रश्नांची उत्तरे असावीत: हे बेट कसे झाले, त्याची आवक आज कोठून येते, आणि या प्रकल्पामुळे ती आवक वाढेल, घटेल की थांबेल. उत्तर नसेल तर फाईल परत पाठवावी. तिसरी, नदीच्या पाण्याची वाटणी करताना पाण्याच्या रकान्याशेजारी गाळाचा रकाना आखावा. प्रत्येक धरणात दरवर्षी किती गाळ साचला आणि त्यातला किती खाली सोडता येईल, हे पाण्याच्या पातळीप्रमाणेच वर्तमानपत्रात छापून यावे. पुराच्या दिवसांत धरण किती टक्के भरले ते आपण रोज सकाळी वाचतो. ते कशाने भरले, हेही वाचायला मिळाले पाहिजे.

या अंकाच्या एका भागात मराठी आहे आणि दुसऱ्या भागात कन्नड. दोन्ही भागांच्या वाचकांच्या घरची माती एकाच पुराने, एकाच नदीतून पूर्वेकडे गेली आहे. आपली भांडणे आपण भांडू, ती एका लेखाने मिटणारी नाहीत. परंतु गाळाचा रकाना मागण्याच्या बाबतीत तरी या दोन भागांत मतभेद असण्याचे कारण मला दिसत नाही. कन्नड विभागातल्या एखाद्या मित्राने पुढच्या अंकात नारायणपूरखालच्या नडुगड्ड्यांवर लिहावे, अशी माझी विनंती आहे. धरणातून पाणी सोडले की लिंगसुगूर तालुक्यातल्या त्या वस्त्यांचा रस्ता बंद होतो आणि बातमीत त्यांचे नाव दोन दिवस येते. उरलेल्या वर्षात त्यांचे खाते कसे चालते, ते वाचायला मला आवडेल.